सीपॅप मशीन कपाटावर का जाते, अन् ती परत उशीजवळ कशी आणायची

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहात, तुमच्या हद्दीत तिघांकडे सीपॅप मशीन आहे (झोपेत श्वास अडण्याच्या आजारात, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियात, मास्कमधून दाबानं हवा देणारी), तिघांनी नागपूरला झोपेची तपासणी करून पदरचे पैसे घालून घेतलेली, आणि आज तिन्ही बंद. एक रिटायर्ड गुरुजी, त्यांचं म्हणणं नाक कोरडं पडतं. एक कास्तकार, तो म्हणतो "मले काई फरक नाई पडत". आणि एक किराणा दुकान चालवणाऱ्या पन्नाशीतल्या बाई, त्या कारणच सांगत नाहीत, नुसतं हसतात. तुम्ही तिघांनाही हार्ट अटॅक येईल, लकवा मारेल हे सांगून पाहिलं, काही उपयोग झाला नाही, तर आता समजावायचं कसं?

मी छातीच्या रोगांचा डॉक्टर आहे, जिल्ह्याच्या गावी दवाखाना आहे, बरीच वर्षं झाली, पेशंट निम्म्याहून जास्त खेड्यातले. माझं पहिलं सांगणं हे की लकव्याची भीती घालणं बंद करा. लकवा झाला तर दहा वर्षांनी होणार, नाक मात्र आज रात्री कोरडं पडणार आहे, आणि माणूस झोपायच्या वेळी आज रात्रीचाच हिशोब करतो. मशीन सोडणाऱ्या लोकांशी निवांत बसून बोललं की कळतं, आजार काय आहे हे त्यांना मोटामोटी माहीत असतं. सोडण्याचं खरं कारण असतं पहिल्या आठ दिवसांतली एखादी बारीक अडचण, मास्कमधून डोळ्यावर हवा येते, पोटात गॅस होतो, लाईट जाते, बायको हसते, आणि त्या अडचणीबद्दल विचारायला कोणी नव्हतं. दुकानदारानं मशीन घरी पोचवून दिली, पंधरा मिनिटात बटणं दाखवली अन् निघून गेला. एवढ्यावर कोण नीट वापरेल सांगा.

यावर अभ्यासही झालेले आहेत. माणूस पहिल्या आठवड्यात जसा वापर करतो तसाच साधारण पुढे चालू राहतो, हे तर नव्वदच्या दशकातच दिसून आलं होतं. आणि २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात (जगभरातले अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) असं निघालं की नुसतं नीट शिकवल्यानं रात्रीचा वापर सरासरी पाऊण तासाच्या वर वाढतो, आणि पेशंटसोबत बसून त्याच्या अडचणी-समजुतींवर काम केलं तर तासाच्याही वर. ऐकायला कमी वाटतं पण साडेतीनचे साडेचार तास होणं म्हणजे काय ते पुढे सांगतो.

आता शिकवायचं काय? आपल्याकडे घोरणाऱ्याबद्दल घरचे कौतुकानं बोलतात, "बुढा पडला की लागलाच घोराले, काय मस्त झोप हाय". म्हणजे जी गोष्ट आपण आजार म्हणून सांगतोय ती त्यांच्या लेखी तब्येत चांगली असल्याची खूण आहे. हे आधी सुटलं पाहिजे. मी दवाखान्यात लपेटा पाईपचं सांगतो, कारण तो प्रत्येकाच्या वावरात पडलेला असतो. मोटार बंद असली की तो चपटा, मोटार चालू करून आत दाब आला की तोच फुगून गोल होतो. घशाचा मागचा भाग असाच, त्याला हाड नाही, नुसतं मऊ मांस. जागेपणी स्नायू तो ताणून उघडा ठेवतात, झोपेत स्नायू सैल पडतात आणि गळ्याभोवती चरबी असेल, जबडा मागे असेल, टॉन्सिल मोठे असतील तर नळी चपटी होते. थोडी चपटी झाली तर घोरण्याचा आवाज, पूर्ण मिटली तर श्वासच बंद. दहा सेकंद किंवा जास्त बंद राहिला की तो एक अ‍ॅप्निया. ऑक्सिजन खाली जातो, मेंदू दचकून जागा करतो, माणूस खर्रकन श्वास ओढतो अन् परत झोपतो, सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. सीपॅप म्हणजे हवेचा दाब देऊन ती नळी उघडी ठेवणारा पंप, बस. "मग किती महिने लावायची?" हा प्रश्न येतोच. मोटार बंद केली की पाईप परत चपटा, एवढं म्हटलं की कास्तकार माणूस पुढचं आपणच समजतो.

एक गोष्ट मात्र न विचारता स्वतःहून सांगा, की यात ऑक्सिजन नाही. २०२०-२१ मध्ये प्रत्येक गावानं तोंडाला मास्क लावलेली माणसं जाताना पाहिली आहेत. त्यामुळे मास्क आणि नळी दिसली की घरात शोककळा, "डाक्टरसायब, मी आतापासून ऑक्सिजनवर आलो का?" असं मला पंचेचाळीस वर्षांच्या धडधाकट माणसानं विचारलेलं आहे. मशीन खोलीतलीच हवा ओढते, गाळते आणि दाबानं सोडते. व्हेंटिलेटर नाही, फुप्फुस खराब झालं म्हणून दिलेली नाही, लाईट गेली तर जीव जात नाही, मास्कला भोकं असतात, फार तर जाग येईल आणि मास्क काढाल. सवय लागून फुप्फुस आळशी होईल ही पण एक भीती असते, तसं काही होत नाही. आणि कुणाला हे नवीन खूळ वाटत असेल तर सांगा की ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरानं ही पद्धत १९८१ साली छापून जगापुढे ठेवली, तेव्हापासून चालू आहे.

रिपोर्ट मागवून घ्या. पेशंटकडे प्लास्टिकच्या पिशवीत असतोच, एक्सरे, शुगरचे कागद यांच्यासोबत. त्यात एएचआय नावाचा आकडा शोधा, तासाला किती वेळा श्वास अडला याचा तो हिशोब. ५ च्या आत नॉर्मल, १५ पर्यंत सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर गंभीर. पण वर्गवारी सांगून काही होत नाही. आकडा ४२ असेल तर त्याच्यासमोरच गुणाकार करा, सहा तास झोपला तर अडीचशे वेळा. मग ऑक्सिजनचा आलेख दाखवा, करवतीच्या दातांसारखी ती रेघ शिकलेल्या-न शिकलेल्या कुणालाही दिसते. आणि सगळ्यात भारी साधन म्हणजे मोबाईल. घरच्यांना सांगा, रात्री दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, उजेड नसला तरी चालेल, नुसता आवाज पुरे. घोरणं चालू, चालू, एकदम शांत, शांत, शांत, मग धसकन श्वास. मी पाहिलंय, तो शांततेचा तुकडा ऐकताना पेशंट स्वतःचा श्वास धरून बसतो. त्यानंतर मला जास्त बोलावं लागत नाही.

म्हणूनच समजावताना एकट्या पेशंटला कधी बसवू नका. बायको, नवरा, सून, जो कोणी त्याच खोलीत झोपतो तो समोर पाहिजे. श्वास बंद पडलेला त्यांनीच पाहिला असतो, कित्येक बायका रात्ररात्र जागून नवऱ्याला हलवत असतात आणि हे कुणाला सांगतही नाहीत, उलट "तुला काही भास होतात" असं ऐकून घेतलेलं असतं. त्यांना बोलू द्या. पण त्यांना पहारेकरी बनवू नका, "लावली का, लावली का" अशी कटकट सुरू झाली की माणूस मुद्दाम लावत नाही, हा आपला मराठी नवरा आहे शेवटी.

आता तासांचं. बहुतेक जण मशीन लावून झोपतात, दोन-तीन वाजता लघवीला उठतात आणि परत लावत नाहीत, विचारलं तर म्हणतात रोज लावतो. खोटं नसतं ते. पण स्वप्नांची झोप, जिला रेम म्हणतात, ती मुख्यतः पहाटेकडे येते, तेव्हा स्नायू सगळ्यात सैल असतात आणि श्वास सगळ्यात लांब अडतो. म्हणजे ज्या भागासाठी मशीन घेतली तोच भाग उघडा राहिला. रात्री ४ तास आणि शंभरातल्या ७० रात्री हा जो आकडा तुम्ही वाचला असेल तो अमेरिकेतल्या विम्याच्या नियमातून आला आहे, तो काही पुरेसा डोस नव्हे. दिवसाची झोप उडायला काहींना चार तास पुरतात, पण दिवसभर कामाला पूर्वीसारखं होण्यासाठी सात-साडेसात तासांपर्यंत फायदा वाढत जातो. २०१६ मध्ये सेव्ह नावाचा मोठा अभ्यास छापून आला, २७०० च्या वर पेशंट, आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा त्रास असलेले. त्यात सीपॅपनं पुढचे हार्ट अटॅक-लकवे कमी झाले नाहीत, दिवसाची झोप आणि मूड मात्र सुधारला. सरासरी वापर होता ३.३ तास. कमी वापरामुळे असं झालं का यावर वाद चालूच आहे, पण म्हणूनच मी म्हटलं ना, हार्ट अटॅकची धमकी शास्त्राच्या बाजूनंही जरा कच्ची आहे. बीपी सरासरी २-३ पॉइंटच उतरतं, त्यामुळे बीपीची गोळी बंद करायची नाही हेही जाता जाता सांगून ठेवा, काही जण मशीन आली म्हणून परस्पर गोळ्या सोडतात.

मास्कचं काम दिवसा करायचं, हे मी कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. रात्री दहा वाजता, दमलेला माणूस, पहिल्यांदा तोंडावर रबर, वरून फुसफुस हवा, तो घाबरणारच. मी दवाखान्यात आधी नळी त्याच्या तळहातावर धरतो, दाब ४ वर, म्हणजे सगळ्यात कमी, म्हणतो बघा एवढीच आहे. मग मास्क त्याच्याच हातानं नाकावर धरायला लावतो, पट्टा नाही लावायचा, वाटलं की काढता येतो हे हाताला कळलं पाहिजे. तोंड मिटून नाकानं पाच-दहा श्वास. मग पट्टे. इथं बहुतेकांची एकच गत, हवा लीक झाली की पट्टा आवळतात, अजून लीक झाली की अजून आवळतात, शेवटी नाकाच्या दांडीवर जखम. मास्कची गादी हवेनं थोडी फुगून चेहऱ्यावर बसते, आवळली की तिला फुगायला जागाच राहत नाही. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. आणि मग पेशंटला टेबलावर आडवा करा, कुशीवर वळवा, कारण बसल्यावरचा चेहरा आणि आडवं पडल्यावरचा चेहरा वेगळा असतो, गाल सरकतात, बसून फिट केलेला मास्क झोपल्यावर लीक करतो. झोपायच्या आधी चेहरा साबणानं धुवायचा, आपल्याकडे तोंडाला तेल लावून झोपायची सवय असते, तेलानं सिलिकॉन घसरतं आणि लवकर खराबही होतं. झुपकेदार मिशा असतील तर नाक झाकणारा मास्क वरच्या ओठापाशी बसत नाही, नाकपुडीत बसणारा छोटा प्रकार येतो तो बघा. मिशी कापायला सांगायच्या भानगडीत पडू नका, मशीन परत येईल पण मिशी जाणार नाही.

ज्याला गुदमरतं त्याच्यासाठी घाई नको. टीव्ही बघताना नुसता मास्क, नळी न जोडता. दोन-तीन दिवसांनी मशीन चालू करून, बसूनच. मग दुपारची वामकुक्षी मशीनवर. मग रात्र. दाब हळूहळू चढवणारी रॅम्पची सोय बहुतेक मशीनमध्ये असते, ती चालू आहे का बघा. झोपेत नकळत मास्क काढून फेकणं पहिल्या काही आठवड्यांत होतंच, जाग आली की परत लावायचा, त्यात लाज वाटायचं काही नाही. तेच फार दिवस चालू राहिलं तर लीक किंवा दाबाची गडबड समजायची आणि डॉक्टरला दाखवायचं.

गुरुजींचं काम सगळ्यात सोपं. त्यांना विचारा, ह्युमिडिफायरच्या, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या डब्यात पाणी घालता का? माझा अंदाज, घालत नसतील, किंवा सेटिंग शून्यावर असेल. आपल्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास, हवा कोरडी ठक्क, त्यात नाकात जोरानं हवा म्हणजे नाक सुकणारच. सेटिंग वाढवायची, झोपण्याआधी सलाईनचे नाकातले थेंब. नाक आधीपासूनच चोंदलेलं असेल तर स्टिरॉइडचा स्प्रे डॉक्टरला विचारून. मात्र कूलर चालू असेल तर खोलीत ओल असतेच, तेव्हा सेटिंग थोडी कमी चालते, आणि कूलरचा झोत थेट नळीवर नको, थंड नळीत वाफेचं पाणी होतं आणि रात्री नाकात टपकन थेंब पडतो. हिवाळ्यात हेच होतं, तेव्हा नळी पांघरुणाखालून घ्यायची आणि मशीन उशीच्या पातळीपेक्षा खाली ठेवायची म्हणजे पाणी मागे जातं. पाणी डिस्टिल्ड, मेडिकलमधून. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं डब्यात चार दिवसांत पांढरा थर बसतो. कधी संपलंच तर उकळून गार केलेलं एक-दोन रात्री चालवा, पण गॅरेजमधल्या बॅटरीच्या कॅनमधलं घालू नका, त्या कॅनमध्ये आधी काय होतं कोणाला ठाऊक. रोज सकाळी उरलेलं फेकायचं. आणि तोंड सुकत असेल, म्हणजे सकाळी जीभ टाळूला चिकटलेली, तर तोंडातून हवा जाते आहे, तेव्हा पूर्ण तोंडाचा मास्क किंवा हनुवटीचा पट्टा. तोंडाला चिकटपट्टी लावायचे व्हिडिओ फिरतात, ते नको.

कास्तकाराचं वेगळं. "फरक पडत नाही" हे तो प्रामाणिकपणे सांगतोय, कारण आधी काय होतं हे कुणी त्याला मोजायला लावलं नाही. झोपेच्या पेंगेसाठी एपवर्थ नावाची आठ प्रश्नांची यादी असते, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, १० च्या वर गेलं की जास्त. पण त्यातलं पुस्तक वाचताना पेंग येते का, हे त्याला काय विचारणार. मी भागवत सप्ताहात बसल्यावर, एसटीत खिडकीशी बसल्यावर, ग्रामसभेत, दुपारी बैलबंडीवर असं विचारतो. शास्त्रीय मार्क त्यात धरू नका, पण माणूस बोलता होतो. त्याहून चांगला प्रश्न, रात्री लघवीला किती वेळा उठता? श्वास अडतो तेव्हा हृदयावर ताण येऊन शरीर जास्त लघवी तयार करतं, लोक त्याला शुगर नाहीतर प्रोस्टेट समजतात. तीन-चार वेळा उठणारा माणूस मशीन नीट लावली की थोड्याच दिवसांत एकदा उठतो, आणि हा फरक त्याला स्वतःला मोजता येतो. सकाळचं डोकं दुखणं, तेही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दोन आकडे लिहायला लावा, किती वेळा उठलो आणि मशीन किती तास. तासांचा आकडा स्क्रीनवर सकाळी दिसतोच.

पण मला शंका आहे की त्याचं खरं कारण "वावरात जागलीले जा लागते, मशीन कुठी लावू" (जागली म्हणजे पिकाची रात्रीची राखण) हे असणार, आणि ते तो तुम्हाला सांगणार नाही कारण त्याला वाटतं मॅडम म्हणतील जागलीला जाऊ नका. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) हरभरा ठेवत नाहीत, रात्रीची लाईन असली की मोटार लावायला जावंच लागतं, हे आपण जमेला धरूनच बोललं पाहिजे. नियम एकच ठेवा, जेव्हा झोप तेव्हा मशीन. रात्री वावरात जागला आणि सकाळी नऊ ते एक घरी झोपला तर त्या झोपेला मशीन, दिवसाची आहे म्हणून सूट नाही. वावरातच झोपायचं असेल तर बऱ्याच मशीनला १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालायचा कंपनीचा कन्व्हर्टर मिळतो, ह्युमिडिफायर बंद ठेवला की विजेचा खर्च निम्म्याहून कमी होतो. फवारणी पंपाची बॅटरी उघड्या वायरनं जोडायचे प्रयोग मात्र नको. घरी इन्व्हर्टर असेल तर मशीन त्यावर आरामात चालते. व्होल्टेजचा भरोसा नसेल तर मेकॅनिककडून एक चांगला स्टॅबिलायझर, आणि बोर्डावर लोंबकळणारी पिन बदलून घ्या, अर्ध्या रात्री मशीन बंद पडायचं कारण बरेचदा तेच असतं.

त्याला दारूचं विचाराल तर सरळ विचारा, लेक्चर न देता. मोहाची असो की देशी, झोपण्याआधी घेतली की घसा अजून सैल पडतो आणि मेंदू उशिरा जागा होतो, एरवी २० सेकंद अडणारा श्वास अजून लांबतो. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच, मेडिकलमधून परस्पर आणायच्या नाहीत. आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. खर्र्यानं तोंड आखडलेले पेशंट आपल्याकडे ढिगानं आहेत, दोन बोटंही तोंडात जात नाहीत. अशा माणसाला कोणी म्हटलं की मशीन नको, दातावर लावायचं जबडा पुढे ओढणारं साधन घ्या, तर ते त्याला बसणं अवघड, तोंडच उघडत नाही. म्हणून पर्याय सुचवायच्या आधी तोंड उघडून बघा.

आता बाई. त्या हसतात म्हणजे कारण घरातल्या माणसांशी आहे. मे महिन्यात खेड्यातल्या घरात कूलर एकच असतो आणि त्याच्यासमोर सगळं घर ओळीनं झोपतं, मुलगा, सून, नातवंडं, कधी आलेला पाहुणा. तिथं सगळ्यांसमोर नाकाला नळी लावून झोपायचं? गच्चीवर झोपायचं तर प्लग नाही. त्यात घोरणं हे बाईमाणसाला शोभत नाही अशी समजूत, त्यामुळे तपासणीला गेल्या हेच नवल आहे, नाहीतर बायका "थकवा आहे, झोप लागत नाही, डोकं जड राहते" एवढंच सांगतात आणि रक्त कमी, थायरॉईड, टेन्शन यातच फिरत राहतात. पाळी गेल्यावर बायकांमध्ये हा आजार वाढतो हे त्यांना सांगा, लठ्ठपणाचा टोमणा न मारता. एम्सच्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये भारतातल्या अभ्यासांची जी गोळाबेरीज केली त्यात साधारण ११ टक्के प्रौढांना हा आजार निघाला, पुरुषांत जास्त, पण बायकाही शंभरात पाच. म्हणजे तुमच्या गावात त्या एकट्या नक्कीच नाहीत.

त्यांच्याशी तुम्हीच बोला, दुकानावर नाही, घरी, दुपारी, सून असताना. सून बरेचदा चांगली साथ देते, मोबाईल तिला येतो, मशीनचं बटण तिला कळतं. झोपायची जागा भिंतीच्या बाजूला प्लगजवळ घेतली, तोंड भिंतीकडे केलं, की निम्मी लाज जाते. नातवंडांना मशीन हातात घेऊ द्या, एकदा हवा तोंडावर घेतली की त्यांचं कुतूहल संपतं. आणि दोन गोष्टी ज्या कोणता पुरुष टेक्निशियन विचारत नाही. अंबाडा मागे उंच असला की पट्टा त्यावरून घसरतो आणि उताणं झोपलं की मास्क वर ओढला जातो, रात्रीपुरती सैल वेणी घालून बाजूला घ्यायला सांगा. नाकातली चमकी नाकपुडीच्या मास्कला आडवी येते, लीक होते, टोचते. ती काढायला सांगण्याआधी विचारा, काहींना सवाष्णीनं चमकी काढणं पटत नाही, मग पूर्ण नाक झाकणारा मास्क घ्यायचा, तो चमकीला सोडून बसतो.

पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक मी तुम्हाला देतो ते असं, पहिल्या रात्रीनंतर सकाळी फोन, तिसऱ्या दिवशी फोन, आठव्या दिवशी प्रत्यक्ष. मध्ये रोज सकाळी स्क्रीनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर. फोनवर "लावली का" विचारायचं नाही, "रात्री काय त्रास झाला" विचारायचं, त्रास झालाच असणार असं धरून. हा एक शब्दांचा फरक आहे पण याच्यानं माणूस खरं बोलतो. स्क्रीनवर मशीन लावून उरलेला एएचआय दिसत असेल तर तो ५ च्या आत पाहिजे, सतत जास्त असेल किंवा लीक जास्त असेल तर ते आमच्याकडे पाठवा, दाब बदलणं डॉक्टरचं काम आहे, दुकानदाराचं नाही आणि शेजारच्या इंजिनिअर पोराचं तर नाहीच. पोट फुगत असेल, ढेकर येत असतील, तर हवा गिळली जाते आहे, तेही कळवा. आशाताईंना हे दोन-चार प्रश्न शिकवून ठेवले तर तुम्हाला एकटीला ओझं होणार नाही.

मशीन जपण्याचं थोडं. मास्कची गादी रोज ओल्या फडक्यानं पुसायची, आठवड्याला नळी आणि मास्क साध्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवून सावलीत वाळवायचं, उन्हात नाही. मागचा फिल्टर कापूस वेचणीच्या आणि मळणीच्या दिवसांत लवकर काळा पडतो, तेव्हा डोळ्यानं बघून बदला. सोयाबीनच्या पोत्यांच्या खोलीत मशीन ठेवू नका, उंदीर नळी कुरतडतात, खिळ्याला टांगून ठेवलेली बरी. जुनी मशीन कोणी स्वस्तात देत असेल तर मॉडेल नंबर तपासल्याशिवाय घेऊ नका, २०२१ च्या जूनमध्ये फिलिप्सनं आतला फोम झिजतो म्हणून आपल्या बऱ्याच मशीन परत बोलावल्या होत्या, त्या जुन्या बाजारात कुठून फिरून येतील सांगता येत नाही. मास्क तर दुसऱ्याचा नकोच.

एवढं करून एखादा नाहीच म्हणाला तर? तर दार बंद करू नका. कुशीवर झोपणं, काहींचा आजार उताणं झोपल्यावरच जास्त असतो. वजन दहा टक्के उतरवलं तर एएचआय साधारण पाव हिश्शानं कमी होतो, पूर्ण जात नाही पण मशीनचा दाब कमी लागतो. नाकाचं हाड, टॉन्सिल, हे कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवून घ्या. पण तोपर्यंत एक गोष्ट बजावून सांगायची, पेंग येत असताना गाडी चालवायची नाही. या आजारात गाडीच्या अपघाताचा धोका सुमारे अडीचपट निघाला आहे, आणि आपल्याकडे कापसाची ट्रॉली रात्रीच जिनिंगला निघते, पोरं समृद्धी महामार्गावर रात्रभर गाडी हाकतात, सरळ रस्ता, एकसुरी आवाज, झोप यायला दुसरं काही लागत नाही. इथं मात्र मी भीती घालतो, कारण हा धोका आजच्या रात्रीचा आहे. ऑपरेशन होणार असेल कुठलंही, तर भूल देणाऱ्याला हा आजार सांगायचा आणि मशीन सोबत न्यायची, हेही घरच्यांच्या कानावर घालून ठेवा.

तुम्ही गुरुजींपासून सुरुवात करा. त्यांचं पाणी अन् सेटिंगचं काम एका भेटीत उरकेल, आणि गुरुजी मशीन लावून झोपतात हे पारावर कळलं की कास्तकाराशी बोलणं निम्मं सोपं होईल. बाईंना घाई करू नका, आधी सुनेशी ओळख वाढवा. तिघांच्या मशीनखाली चिकटवलेल्या स्टिकरचा फोटो पाठवा, कोणत्या मशीनमध्ये ह्युमिडिफायर आणि रॅम्प कुठून बदलतो ते बघून सांगतो.